बादलीचा सिनेमा

त्या सिनेमाचं खरं नाव आज कुणाला आठवत नाही. देवणीपासून उदगीरपर्यंत सगळे त्याला 'बादलीचा सिनेमा' म्हणायचे. बहात्तरच्या दुष्काळात तो तंबूत आला. दिवसभर खडी फोडून आलेली माणसं अंगावरची धूळही न झटकता आत शिरायची आणि कॉलेजातल्या वात्रट पोरांचे चाळे बघून पोट धरून हसायची. त्यातला एक प्रसंग तर लोकांना तोंडपाठ होता. खेड्यातून आलेलं एक भोळं पोरगं वसतिगृहाच्या दारात प्यायला पाणी मागतं, आणि माडीवरचा दादा त्याच्या डोक्यावर भरली बादली उपडी करतो. एवढंच. पण त्या बादलीसाठी लोक पुन्हा पुन्हा तिकीट काढायचे. घरी घोटभर पाणी नाही आणि इथं बादलीभर सांडताना बघून हसायचं! माणसाचं काही सांगता येत नाही.

पंचशीलाबाई तेव्हा नुकत्याच देवणीच्या मुलींच्या शाळेत लागल्या होत्या. वडील निवृत्ती हे जलशात गाणारे. पेटी खांद्याला लावून गावोगाव भीमगीतं गात फिरायचे. बोललेलं तिसऱ्या रांगेत मरतं, गायलेलं वेशीबाहेर जातं, असं ते म्हणायचे. लेकीला त्यांनी पेटी दिली आणि आवाजही दिला. पण नोकरीच्या पहिल्याच वर्षी कुणीतरी सहज सुचवलं, की शाळेत ते वस्तीवरचं गाणं नको, प्रार्थना तेवढी बसवा. नोकरी नवी, घरात खाणारी तोंडं पुष्कळ. बाई मूग गिळून बसल्या. पुढे वर्षानुवर्षं त्यांनी प्रार्थना आणि स्वागतगीतं बसवली, आणि वडिलांच्या चाली मनातल्या मनात ठेवल्या. याचं त्यांना फार वाईट वाटायचं, पण सांगणार कुणाला?

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. साहेब आले, पाट्या रंगल्या, पाऊस मात्र आला नाही. नव्या जिल्ह्यात शाळांच्या नाटकांची स्पर्धा निघाली, तेव्हा मुली हटून बसल्या, करायचा तर बादलीचाच सिनेमा. मुख्याध्यापक महादेवप्पा सरांचाही तो जीव की प्राण. ते म्हणाले, खुशाल करा, पण त्यात काडीचा बदल नको, लोकांची लाडकी चीज आहे. आता मुलींचं बोलणं मागच्या रांगेला ऐकू जाईना, म्हणून बाईंनी संवादांची गाणी केली. मास्तरांची हजेरी गाण्यात, खानावळीतल्या करपल्या भाकरीची तक्रार गाण्यात. नापास पोरांच्या रडगाण्याला तर फक्त चालच लावायची बाकी होती.

माडीवरचा दादा झाली महादेवी, आडत दुकानदार वीरण्णांची मुलगी. भोळं पोरगं झाली बौद्ध वस्तीतली सरजा. नकला करण्यात तिचा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं. बादली रिकामीच ठेवायची ठरली, टँकरच्या दिवसांत पाणी कोण सांडू देणार? तालमीत महादेवी बाकावर चढली आणि तिनं बादली उचलली. सरजानं पाणी मागितलं आणि कंबरेत वाकून, मान खाली घालून, तोंडाशी ओंजळ धरली. सिनेमात हे नव्हतं. पोरी हसून हसून लोळायला लागल्या. सरही चष्मा काढून डोळे पुसत होते.

बाईंच्या हातून पेटीचा भाता सुटला. ती ओंजळ त्यांच्या ओळखीची होती. लहानपणी त्यांना पाणी असंच मिळायचं, भांड्याला हात लागू नये म्हणून वरून धार धरून. मुली गेल्यावर त्यांनी सरजाला विचारलं, हे कुठं शिकलीस?

"माझी आजी अशीच पिती की, पाटलाच्या हिरीवर. म्या तिची नक्कल केली." मग बाईंचा चेहरा बघून ती चपापली. "काढू नका बाई. समद्या लई हसल्या."

बाई पेचात पडल्या. काढावं तर पोरीनं मिळवलेलं हसू हिरावून घेतल्यासारखं होतं. ठेवावं तर उद्या सारा जिल्हा तिच्या आजीच्या, सुमनबाईच्या तहानेला हसणार. बदलावं तर सरांची ताकीद. बरेच दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. शेवटी त्यांनी वडिलांची एक चाल बाहेर काढली, तिच्यावर दोन ओळी बांधल्या आणि फक्त सरजाला आणि महादेवीला सांगितलं. महादेवीला विचारलं, तुला जमेल का, समोर घरचे बसलेले असतील. ती बघू म्हणाली. भरवसा ठेवावा असं काही ते उत्तर नव्हतं.

लातूरला मांडव गच्च भरला होता. वीरण्णा पहिल्या रांगेत, सुमनबाई मागे बायांमध्ये. सुरुवातीपासून लोक हसत होते. बादली दिसताच शिट्ट्या सुरू झाल्या आणि सरजानं ओंजळ धरली तसा लोकांनी मांडव डोक्यावर घेतला. आता गायचं होतं, पण बाईंनी भाता ओढला नाही. कडेला सर उभे होते. बाईंना वाटलं, जाऊ दे, हसू दे लोकांना, नोकरी बरी. पण पुढे सरजा अजून तशीच वाकलेली होती. बाईंनी भाता ओढला आणि गायला लागल्या.

"वरून नको रं धरू धार, बादली खाली दे,
तहान माझी, हातबी माझा, मलाच पाणी घेऊ दे."

हसू एकदम थांबलं नाही, हळूहळू ओसरलं. महादेवी बादली उचलून तशीच उभी. वडील तिच्याकडे बघत होते, ती त्यांच्याकडे. मग ती बाकावरून उतरली, बादली सरजापुढे ठेवली आणि बाजूला झाली. सरजानं रिकाम्या बादलीत हात बुडवला आणि ताठ उभी राहून पाणी प्याली. टाळ्या वाजल्या नाहीत. बायांतून सुमनबाईचा आवाज तेवढा आला, "पी माय."

बक्षीस दुसऱ्याच शाळेला गेलं. महादेवप्पा सर मांडवामागे आले तोवर त्यांचा राग निम्मा उतरला होता, पण निम्मा होताच.

"बाई, सिनेमात असं नव्हतं."

बाई पेटी बंद करत होत्या. शाळेच्या माणसांशी त्या आजवर कधी वस्तीची भाषा बोलल्या नव्हत्या.

"न्हवतं सर," त्या म्हणाल्या, "आता हाय."