टेकाडावर रेंज यायची

त्या शनिवारी मला घरी एकटीला बसवलं नसतं, म्हणून मी नवऱ्याबरोबर शर्यतीला गेले.

साल २०१४. गुरुवारी साताऱ्यात बाबांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांना पुण्याला हलवलं, अँजिओग्राफी झाली आणि डॉक्टर म्हणाले, थांबायला नको, शनिवारी सकाळीच बायपास करू. धाकट्या भावाचा हे सांगायला फोन आला तेव्हा मी ऑकलंडमधल्या, न्यू लिनच्या आमच्या भाड्याच्या युनिटमध्ये कणीक मळत होते. हात तसेच पिठाचे ठेवून मी सगळं ऐकलं. आमचे दोघांचेही पासपोर्ट रेसिडेन्सीच्या अर्जाबरोबर इमिग्रेशनकडे अडकलेले होते. माझा परत मागायला मी फोन केला. पलीकडची बाई अगदी मायेने बोलली, पण पासपोर्ट पुढच्या आठवड्यातच मिळेल म्हणाली.

नवरा पॅकिंगची मशिनं बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. कारखान्यातल्या तिघांना घेऊन त्याने एक जुनी जपानी गाडी शर्यतीसाठी उभी केली होती. कित्येक शनिवार-रविवार त्यात गेले होते. शनिवारी दुपारी तीनला सुरू होऊन रविवारी दुपारी तीनला संपणारी शर्यत. चौघांनी आळीपाळीने चालवायचं. आदल्या रात्री तो म्हणाला, तू सांग, मी नाही जात.

"तू इथे थांबून काय करणार?" मी म्हटलं. "माझ्या तोंडाकडे बघत बसशील."

तेव्हा दोघंही निघालो.

जाताना पापाटोएटोच्या भारतीय दुकानात थांबून थेपले आणि शेव घेतली. दुकानाच्या दारातच बाबांचा फोन आला. तिकडे पहाट होती आणि त्यांना तयार करून ठेवलं होतं. बाबांना फोनवर बसून बोलता येत नाही. घरी असले की ओटीपासून परसापर्यंत फेऱ्या मारत बोलतात. त्या दिवशी पलंगावरून हलायची बंदी होती, त्यामुळे त्यांचा आवाजच वेगळा लागत होता. मी कुठे आहे ते त्यांनी विचारलं. मी शर्यतीचं सांगितलं.

"चोवीस तास गाडी चालवायची? कुठं जायला?"

"कुठंच नाही बाबा. गोल गोल."

ते हसले. मग कोणीतरी आत आलं असावं, कारण फोन भावाने घेतला. ताई, दोन-तीन तासांत आत नेतील, मी कळवत राहतो, म्हणाला.

ट्रॅक ऑकलंडच्या दक्षिणेला, सगळीकडे गाईंची कुरणं आणि मधेच हा डांबराचा वेढा. गाड्या जिथे पेट्रोल-टायरसाठी थांबतात त्या पिटच्या बाजूला फोनला काडीचीही रेंज नव्हती. नवऱ्याच्या मित्राने समोरचं गवताचं टेकाड दाखवलं. ट्रॅकचं सगळ्यात अवघड वळण त्याच्याखाली होतं आणि वर गेलं की फोन चालायचा. मी छत्री, थेपल्यांचा डबा आणि चार्जर घेऊन वर जाऊन बसले. चार्जर लावायला तिथे काहीच नव्हतं, हे वर गेल्यावर लक्षात आलं.

नवरा नेहमी सांगायचा की बघणाऱ्यांसाठी सुरुवातीसारखं काही नसतं. सगळ्या गाड्या एका गाडीमागे मुकाट्याने फेरी मारतात, मग ती पुढची गाडी बाजूला होते आणि एकदम पन्नास इंजिनं ओरडतात. मी ते पाहिलं असणार, समोरच बसले होते. पण नेमका तेव्हाच भावाचा मेसेज आला, ‘आत नेलं’, आणि सुरुवातीतलं मला दुसरं काही आठवत नाही. जमीन थरथरल्याचं फक्त आठवतं.

त्यानंतर मी एका जागी बसले नाही. टेकाड उतरून पुलावरून पिटमध्ये जायचं, नवरा हेल्मेट मांडीवर घेऊन बसलाय ते पाहायचं, आणि इकडे रेंज नाही हे आठवून पुन्हा वर धावायचं. वर आले की मेसेज नसायचा. मी बहुतेक गवतात वाट पाडली असेल. शेजारी खुर्ची टाकून बसलेली एक म्हातारी बाई माझ्या या चकरा बघत होती. वायकाटोकडची होती, डेअरीवाली. इथे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानालाही डेअरी म्हणतात, तसली नव्हे, खरीखुरी गाई-म्हशींची डेअरी. म्हशी नसतात इथे, पण तोंडात तेच येतं. तिची मुलगी शर्यतीत एक पिवळी गाडी चालवत होती. तिने मला विचारलं, तुझं कोण आहे खाली? मी म्हटलं, नवरा. आणि मग, तिने काही न विचारताच, बाबांचंही सांगून टाकलं.

तिने थर्मासमधला चहा ओतून मला दिला. मग म्हणाली की तिच्या नवऱ्याचीही छाती अशीच उघडली होती.

"मग?" मी विचारलं.

"पुष्कळ वर्षं जगला," ती म्हणाली, "आणि पुष्कळ कुरकुरला."

संध्याकाळी नवऱ्याची पाळी आली. सूर्य कुरणांमागे गेला आणि एकेका गाडीचे दिवे लागले. तोपर्यंत मला निळी, लाल, पांढरी अशा रंगांवरून गाड्या कळायला लागल्या होत्या. आता रंगच गेले. नवरा कुठला ते कळेना आणि माझा जीव आणखीच वरखाली व्हायला लागला. म्हातारीने मला दिवे ओळखायला शिकवलं. तिच्या मुलीच्या गाडीवर मधोमध एक जादा पिवळा दिवा होता. आमच्या गाडीचा डावा दिवा जरा खाली झुकलेला होता, पापणी जड झाल्यासारखा. तो एकदा ओळखता आला आणि मग मी दुसरं काही पाहिलंच नाही. झुकलेला दिवा वळणावर यायचा, टायर किंचाळायचे, चाकांतले ब्रेक निखाऱ्यासारखे लाल व्हायचे, दिवा जायचा. पुढच्या फेरीला तो येईपर्यंत मी श्वास धरून बसायची. टेकाडावर बसलेल्या बाकीच्या लोकांना ही वेळ फार आवडते. काळोख पडताना ते गप्प होतात, मघापासून गिटार वाजवणारा एक पोरगासुद्धा थांबला होता. मला ते आवडणं शक्यच नव्हतं, पण नजर हलत नव्हती हेही खरं.

ऑपरेशन झाल्याचा फोन आला तेव्हा नवरा पाळी संपवून पिटमध्ये परतला होता. भाऊ म्हणाला, ताई, झालं, आयसीयूत आणलंय, डॉक्टर नीट झालं म्हणालेत. मी धावत खाली गेले. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो टायरच्या चवडीवर बसला आणि नुसता बसूनच राहिला. त्याच्याही मनात किती होतं ते मला तेव्हा दिसलं. आम्ही शेव खाल्ली. झोप आता, तंबू लावलाय, तो म्हणाला.

मी पडले, पण ते इंजिनांचे आवाज जमिनीतून पाठीत शिरत होते. आणि तंबूत रेंज नव्हती. शेवटी घोंगडी घेऊन पुन्हा वर गेले.

वर पोचले आणि फोन वाजला. भावाचा आवाज बदललेला होता. रक्त थांबत नाहीये, म्हणाला. परत आत नेताहेत. पुन्हा उघडावं लागेल म्हणतात. मी काय विचारलं आठवत नाही. तोही कुणाशी तरी बोलत होता, सही कर म्हणत होते त्याला. तो एकवीस वर्षांचा होता.

नवरा तेव्हा पुन्हा गाडीत होता. त्याला सांगायचा मार्ग नव्हता, आणि सांगून चालणारही नव्हतं. म्हातारी खुर्चीत मान टाकून झोपली होती. मी उभीच राहिले. झुकलेला दिवा आला, गेला. आला, गेला. मग आला नाही.

एक फेरी झाली, दुसरी झाली. बाकीचे सगळे दिवे येत होते. ट्रॅकच्या पलीकडच्या टोकाला पिवळे इशाऱ्याचे दिवे लुकलुकायला लागले. मी म्हातारीला हलवून उठवलं. तिने डोळे चोळले, नीट पाहिलं आणि म्हणाली, रुग्णवाहिका निघालेली नाही, म्हणजे गाडीला झालंय, माणसाला नाही. दूध काढायला रोज पहाटे उठणाऱ्या माणसाचा तो सपाट आवाज होता. माझा विश्वास बसला, पण पाय आधीच उताराला लागले होते.

गाडी ओढून आणली होती. बॉनेटमधून वाफ येत होती, हिरवं पाणी खाली गळत होतं. नवरा गाडीखाली होता, त्याचे फक्त बूट दिसत होते. मी खाली वाकून त्याला सांगितलं. तो बाहेर आला, तोंड काळं, आणि म्हणाला, चल, आपण वर जाऊन बसू, हे लोक बघतील गाडीचं.

"वर जाऊन आपण काय करणार आहोत?" मी म्हटलं. "तू हे दुरुस्त कर."

मला कुणीतरी काहीतरी दुरुस्त करताना बघायचं होतं, इतकंच. मी उजेडासाठी बॅटरी धरून उभी राहिले. रेडिएटर फाटला होता. शेजारच्या संघाने, ज्यांच्याशी आमची दिवसभर चुरस चाललेली, त्यांच्या ट्रेलरमधला जादा रेडिएटर आणून दिला. तो आमच्या गाडीचा नव्हता. त्याचे बसवायचे कान कापले, पट्ट्या ठोकल्या, तारेने बांधला. कुणी फार बोलत नव्हतं. पहाटेच्या आधीची ती गार वेळ, बोटं बधीर झालेली, आणि चार माणसं एका जुन्या गाडीवर वाकलेली. कुणी विचारलं असतं की आता एवढं कशासाठी, शर्यत तर कधीच हरलात, तर त्यांना उत्तर देता आलं नसतं.

गाडी सुरू झाली. पहिल्यांदा खोकली, मग धरली. आणि ती पिटच्या गल्लीतून बाहेर निघाली तेव्हा दोन्ही बाजूंची माणसं, रात्रभर जागून डोळे सुजलेली, टाळ्या वाजवायला लागली. शिट्ट्या आल्या. कुणी तरी पाना पत्र्यावर बडवत होतं. सगळ्यात मागे पडलेली गाडी ती! पहिल्या नंबराच्या गाडीसाठी रात्रभरात कुणी इतका आवाज केला नव्हता. मीही टाळ्या वाजवल्या, बॅटरी काखेत धरून, आणि रडले.

मग वर गेले. मेसेज बराच आधी येऊन पडला होता. रक्त थांबलं. परत आयसीयूत. आता शुद्धीवर येण्याची वाट.

उजाडलं तेव्हा कुरणांवर धुकं होतं आणि त्यातून आधी आवाज आणि मग गाड्या येत होत्या. खाली कुणीतरी कांदे आणि सॉसेज परतत होतं. म्हातारी माझ्या खांद्याला धरून उठली, गुडघे मोकळे केले आणि सांगू लागली की तिला यातली हीच वेळ आवडते. रात्री दिसत नाही, पण उजेडात कळतं की गाड्या किती घाण झाल्या आहेत. चिखल, तेल, मेलेले किडे, चिकटपट्ट्या. "सगळ्यांना कळतं, रात्र कुणाची कशी गेली," ती म्हणाली. तिच्या मुलीच्या पिवळ्या गाडीचा अर्धा बंपर नव्हता. ते बघून तिला बरं वाटल्यासारखं दिसलं.

शर्यतीचा शेवट मी पाहिला नाही. आमच्या घरच्या गाडीच्या मागच्या सीटवर मला झोप लागली आणि झेंडा पडला तेव्हा मी घोरत होते म्हणे. नवऱ्याने काचेवर टकटक केली. आम्ही शेवटून तिसरे आलो होतो. त्याचे मित्र एकमेकांच्या अंगावर पाणी ओतत होते. मी आधी फोन पाहिला. काही नव्हतं. सगळं आवरून निघालो तरी काही नव्हतं.

मोटरवेवर बॉम्बे नावाचं गाव लागतं. त्याच्या पेट्रोल पंपावर नवरा चहा आणायला आत गेला आणि फोन वाजला. भाऊ हसत होता की रडत होता कळेना. नळी काढली. डोळे उघडले. नर्सने नाव विचारलं तर बाबांनी वडिलांच्या नावासकट, आडनावासकट पूर्ण नाव सांगितलं आणि म्हणाले, माझा चष्मा कुठाय.

मग भावाने विचारलं, "ताई, तू आहेस कुठे?"

"बॉम्बेला," मी म्हटलं.

मग अगदी बारीक आवाजात तो म्हणाला, "खरंच आलीस?"

दोन रात्रींचा जागा होता तो. मला त्याला समजावून सांगायला बराच वेळ लागला. सांगितल्यावर तो नुसतं ‘बरं’ म्हणाला, आणि मला वाटलं, पासपोर्टसाठी मी इमिग्रेशनच्या त्या बाईच्या दारात जाऊन बसायला हवं होतं. नवरा चहाचे दोन कप घेऊन उभा होता, अंगाला ऑइलचा वास, आणि माझ्या तोंडाकडे बघत होता. मी मान हलवून सांगितलं, शुद्धीवर आलेत. त्याने कप गाडीच्या टपावर ठेवले आणि तिथेच, पंपावर, माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

पासपोर्ट आठवड्याने आला आणि मी गेले. बाबा वाळले होते, चिडचिडे झाले होते. भावाने दाढी नीट केली नाही, भाताला मीठ नाही, शेजारचा पेशंट घोरतो. मी ते सगळं ऐकत बसले. ऐकताना मला वायकाटोच्या त्या बाईचा नवरा आठवला, आणि कुरकुर चालू दे असं वाटलं.

त्यानंतर मी दर वर्षी शर्यतीला जाते. नवरा आता चालवत नाही, पाठ दुखते. आम्ही टेकाडावरच बसतो आणि अजूनही मला एका जागी बसवत नाही. अंधार पडला की नवरा झोपून घे म्हणतो, आणि मी खाली पिटकडे जाते. कुणाची तरी गाडी मोडलेली असतेच. ती पुन्हा बाहेर निघेपर्यंत मी तिथे उभी राहते.