शेंडे नक्षत्राखालचा फोटो

श्रीमंत असं नाव ठेवणाऱ्या त्या आत्याला माझा कोपरापासून नमस्कार! आमच्या वाडीत नावाशी इतकं वैर धरलेला माणूस दुसरा नाही. श्रीमंतदादा तरुणपणी नागापूरच्या एमआयडीसीत होते. तिथं कामगारांच्या ओळखपत्रांचे फोटो काढता काढता त्यांना नाद लागला. कंपनी सुटली तेव्हा खिशात मावेल असा एक साधा कॅमेरा घेऊन ते गावी परत आले. आजही तोच आहे. त्याच्या झाकणाला रबर बांधलेलं असतं.

आमची वाडी पाथर्डीच्या पुढं, गर्भगिरीच्या पायथ्याला. दिवाळी सरली की निम्म्याहून जास्त घरांना कुलपं लागतात आणि माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्याला कोणी विचारत नाही. निघण्याआधी प्रत्येक जोडपं श्रीमंतदादांसमोर उभं राहून एक फोटो काढून घेतं. कशासाठी, ते कोणी बोलत नाही. कधी सापाचं पान लागतं, कधी ताप डोक्यात जातो, आणि फडावरून एखादं माणूस परत येत नाही. मग त्या जोडफोटोतला एक चेहरा मोठा करून भिंतीवर लावतात. माझ्या थोरल्या जाऊबाई अशाच आमच्या भिंतीवर आल्या. आता घरोघरी मोबाईल झाले, तरी हा फोटो दादांकडूनच काढायचा. दादाही समोरच्याला एवढंच सांगतात, “हलू नका.”

मी या वाडीची अंगणवाडी सेविका. दादांची एकुलती एक लेक पंकजा हिचं नाव माझ्याकडं गरोदर बायांत लागलेलं होतं. ती गावातच दिलेली, झुंबरबाईच्या अजिनाथला. आदल्या साली मोळी उचलताना फडातच तिचं पोट पडलं होतं. त्यामुळं यंदा दादांनी विहिणीचा उंबरा झिजवला. झुंबरबाई काही बधेना.

“अजिनाथ माझ्या पोटात हुता तवा मीबी ऊस तोडला, व्याही. मला काय झालं? आन ही न्हाई गेली तर त्यो कुनासंगं जाईल?”

अजिनाथ आईपुढं ‘ब्र’ काढत नाही. पंकजाही बापाला म्हणाली, “जाते मी आण्णा. माझ्यापायी त्यांचं काम कशाला बुडवायचं?” मी समजवायला गेले तर मला चहा पाजून वाटेला लावलं. मला तिचा राग आला आणि रडूही आलं.

हे चाललेलं असताना दसऱ्यानंतर मावळतीला ते दिसायला लागलं. दिवस बुडून डोंगर काळे झाले की शुक्राच्या उजव्या अंगाला एक पांढुरकी रेघ उमटायची. खाली ठिपका आणि वर शेंडा. मोबाईलवर त्याला धूमकेतू म्हणत होते. वाडीत ते शेंडे नक्षत्र झालं. झुंबरबाईनं ते एकदा पाहिलं आणि दार लावून घेतलं. “ह्ये आलं की गावातलं मानूस नेतंय,” असं ती सांगत सुटली. मग बायका अंधार पडायच्या आत पोरं घरात ओढायला लागल्या. त्या दिवसांत आमच्या वाडीची कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती. मी पोरांना ग्रहमालेची गाणी शिकवणारी, पण वाळत घातलेले कपडे आणायला मीही बाहेर जाईना.

दादांना मात्र त्या ताऱ्यानं झपाटलं. पुन्हा हजारो वर्षं येणार नाही म्हणतात, तर आपल्या कॅमेऱ्यात आला पाहिजे, हा एकच ध्यास. अजिनाथलाही मोबाईलवर स्टेटस ठेवायला काहीतरी भारी हवं होतं. सासरे-जावयांनी ठरवलं की यंदाचा जोडफोटो माळावर काढायचा, मागं नक्षत्र घेऊन. झुंबरबाईला अर्थातच पत्ता लागू द्यायचा नव्हता.

मला सोबत म्हणून नेलं. दादांनी दगडावर बाजरीची पिशवी ठेवली आणि तिच्यात कॅमेरा रुतवला, म्हणजे तो डुगडुगत नाही. बाभळीला एक बॅटरी टांगली, तिचा उजेड दोघांच्या अंगावर पडला. या कॅमेऱ्यात डोळा बराच वेळ उघडा ठेवायची सोय आहे, तेवढा वेळ समोरच्यानं दगडासारखं उभं राहायचं. पंकजाला उभं करताना दादा तिच्या कानाशी काहीतरी बोलले. तिनं मान फिरवली.

“हलू नका,” ते म्हणाले आणि कळ दाबली.

वारा पडला होता. रातकिडेही गप्प होते. मी वर बघत होते. खरं सांगते, त्या रेघेकडं नजर गेली की ती काढून घेता येत नव्हती. मध्येच दादांना खोकला आला. मग कॅमेरा टिकटिकला आणि फोटो झाला.

पडद्यावर पाहिलं आणि अजिनाथच्या तोंडचं पाणी पळालं. तो स्वतः स्वच्छ आला होता, शर्टाची गुंडीसुद्धा दिसत होती. पंकजा धुरासारखी होती. तिच्या लुगड्यातून पलीकडचा डोंगर दिसत होता आणि त्या नक्षत्राचा शेंडा तिच्या कपाळातून आरपार गेला होता.

“ही तर माझ्या शेजारीच हुती की,” अजिनाथ पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

अशी गोष्ट वाडीत झाकून राहते होय? सकाळी झुंबरबाई फोटो बघायला आली. पाहिल्यावर तिनं पदर तोंडात धरला.

“पोर जायची न्हाई,” ती शेवटी म्हणाली. “हिच्या जागी मी जाते. माझी हाडं अजून धड हाईत.”

ती गेल्यावर दादा माझ्याकडं बघून असे हसले की काय सांगू. मग मला आत बोलावून सगळं ओकले.

“ताई, डोळा उघडा असताना मानूस मधीच हललं की असंच इतंय. मी तिला सांगून ठेवलं हुतं, मी खोकलो की गपचिप खाली बस. लेकीनं बापाचं ऐकलं बघा!”

“दादा, तुम्ही तर विहिणीचे गुरू निघालात,” मी म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या घरचा गूळ न विचारता तोंडात टाकला.

दिवाळीनंतर गाड्या भरल्या. झुंबरबाई मुलाशेजारी बसून गेली. पंकजा माहेरी आली. रिकाम्या वाडीत संध्याकाळी तीन-चार चुली पेटायच्या, आणि शेंडे नक्षत्र कधीच दिसेनासं झालं होतं. फोटोचा विषय त्या घरात निघाला नाही. सासूला फसवल्याचं लेकीच्या मनाला लागलं असेल, असं दादांना वाटायचं, म्हणून ते गप्प बसायचे.

फाल्गुनात पंकजाला मुलगी झाली. बाळ चांगलं दणदणीत होतं. होळीच्या सुमाराला तोड संपून माणसं परतली, त्या दिवशी मी बाळाचं वजन करायला दादांकडं गेले होते. तेवढ्यात झुंबरबाई नारळ घेऊन आली. ती काळवंडली होती. तिनं नात मांडीवर घेतली, नारळ दादांपुढं ठेवला आणि हात जोडले.

“व्याही, तुमच्या फोटूनं वाचवलं हिला. फडाच्या कडंलाच आमची खोपी हुती. भरल्याली ट्राली उलटली ती सगळी खोपीवर. मी मोळ्या बांधाय गेल्ते म्हनून ऱ्हायले. पंकजा असती तर दिस भरत आल्यालं अंग, त्या येळंला खोपीतच पडून असती.”

झुंबरबाई नातीला कोवळं ऊन द्यायला बाहेर घेऊन गेली.

दादांच्या तोंडावर हसू होतं. ते लेकीजवळ सरकले आणि आवाज बारीक करून म्हणाले, “ऐकलंस? त्या दिशी मी खोकल्यावर तू खाली बसलीस म्हनून ह्ये सगळं टळलं गं पोरी.”

पंकजानं बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालता घालता वर पाहिलं.

“मी कुठं बसले, आण्णा?”

“आता लपवती कशाला?”

“लपवू कशाला? मला तुमचा राग आल्ता. सासूला फसवायचं म्हंजे काय? तुमी खोकलात, मी ऐकलं. पर मी हलले न्हाई. फोटू बगून मला वाटलं, तुमीच कॅमेऱ्यात काईतरी केलंय. मी ताठ उभी हुते, ह्यांच्या शेजारी.”

दादांनी माझ्याकडं पाहिलं. मी काय सांगणार? माझी नजर तर आभाळात अडकलेली होती. मला त्या लख्ख उजेडात दार लावून घ्यावंसं वाटलं.

दादा हसायचे थांबले. त्यांनी हात पुढं करून लेकीचं मनगट धरलं. आधी हलकेच, मग घट्ट.

“आण्णा, दुखतंय,” ती म्हणाली.

त्यांनी सोडलं नाही. बाहेर बाळ भुकेनं रडायला लागलं, झुंबरबाई हाका मारायला लागली, तरी सोडलं नाही.