बी झडायच्या आधी

केदारखेड्याच्या अलीकडे आमचं लहानसं गाव आहे. गावामागच्या टेकडीवर पवन्या गवताचा एक माळ होता. त्याला राखणीचा माळ म्हणत, आणि त्याची राखण पिढ्यान्‌पिढ्या सांडूबांच्या घराकडे होती. नियम एकच: गवताचं बी जमिनीवर झडेपर्यंत कोणाचंही जनावर आत जायचं नाही. दिवाळीच्या सुमारास सांडूबा माळ आडवा चालून येत. धोतराला कुसळं चिकटली म्हणजे बी पिकलं. मग ते तिथंच धोतर झटकत, आणखी काही दिवस थांबत आणि त्यानंतरच माळ मोकळा करत.

सांडूबा स्वतः मेंढपाळ. माळाच्या बाबतीत ते सरपंचाचंही ऐकत नसत. एकदा मेव्हण्याची शेळी आत सापडली, तर ती त्यांनी सरळ कोंडवाड्यात नेऊन बांधली. सासुरवाडीनं अबोला धरला. "धरू द्या," ते म्हणायचे, "तेवढाच चहा वाचला."

दोन हजार तेवीस साली ऑगस्ट कोरडा गेला. गवत फुलोऱ्यावर आलं आणि तिथंच थांबलं. पुढे चाऱ्यावाचून मेंढ्या बसल्या जागेवरून उठेनात. गाव मारुतीच्या पारावर जमलं.

"सांडूबा, माळ खोला," म्हशीवाला रामेश्वर म्हणाला.

"बी झडलं न्हाई अजून."

"मंग काय मेल्यावर चारता जनावराला?"

"आज खाल्लं तर पुढल्या साली काय उगवंल? तुझं डोस्कं?"

लोक हसले. सांडूबांची बायको सुगंधाबाई हसल्या नाहीत. मागून त्या म्हणाल्या, "गाभण मेंढरं मरून राह्यलीत, अन् तुम्ही पुढल्या सालाचं बोलता. पुढलं साल कोणी पाह्यलं?"

सांडूबा उठले, टेकडीवर गेले आणि स्वतःच्या हातानं त्यांनी काट्यांचं कुंपण बाजूला ओढलं.

भुकेली मेंढी गवत मुळासकट उपटते. दिवाळीला माळावर धरायला काडी नव्हती. मेंढ्या मात्र वाचल्या. पुढच्या वर्षी पाऊस झाला, पण बीच नसल्यामुळे नुसतं तरोट्याचं तण माजलं. त्याच्याही पुढच्या वर्षी सप्टेंबरात पाऊस असा कोसळला की उघड्या टेकडीवरची माती नाल्यात गेली. खाली पांढरा मुरूम तेवढा राहिला. सांडूबांनी रस्त्याकडेच्या गवताचं बी आणून विखरून पाहिलं. ते रुजायला मातीच नव्हती. शेवटी मेंढ्या विकल्या. मुलगा गोरक्षनाथ आता जालना एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात जातो.

मी इथल्या सोसायटीचा सचिव, वाणिज्य शाखेचा माणूस. उत्पन्न खावं, भांडवल खाऊ नये, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. पण मरणाऱ्या मेंढीपुढे उभं राहून ते कसं पाळायचं, हे कोणी शिकवलं नाही. मी सांडूबांना म्हणालो, "पाऊस काही तुम्ही बिघडवला नाही. तो गाड्या-कारखान्यांच्या धुरानं बिघडला म्हणतात, अन् तुम्ही तर जन्मात सायकलसुद्धा चालवली नाही."

"पाऊस माझा न्हाई, भाऊसाहेब. माळ माझ्याकडं होता. गावानं मागितला, म्या देला. पण ज्यांचा होता ते पारावर आलेच न्हाईत. जन्मलेच न्हाईत, येतील कुठून?"

 

यंदा सांडूबांची सून रेणुका बाळंत झाली. मुलगी झाली. त्यांच्या घरात बारशाच्या सकाळी आजोबा बाळाला माळावर नेतो आणि गवतावर निजवतो. राखण आता तुझी, असा त्याचा अर्थ. मी बारशाला गेलो तेव्हा रेणुका बाळाला घेऊन ओट्यावर बसलेल्या सासऱ्यांपुढे उभी होती.

"मामा, चला ना. ऊन व्हायच्या आत येऊ."

"निजवू कशावर? मुरमावर?"

"माझी साडी अंथरते की."

"अन् सांगू काय तिला?"

 सुगंधाबाईंनी रेणुकाच्या हातातून बाळ घेऊन सांडूबांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. हात लांब करून ते परत दिलं.

"हिला माझ्याजवळ देऊ नका," ते म्हणाले.

बारसं घरातच झालं. आत बाया पाळणा म्हणत होत्या. सांडूबा बाहेर ओट्यावर बसून होते. नाव काय ठेवलं, हेही त्यांनी विचारलं नाही.