झाशीहून एकटीच परतले

पुण्याहून निघताना माझ्याजवळ दोन गोष्टी पक्क्या होत्या, ताईचं परतीचं तिकीट आणि ताईचा होकार. तिकीट खरोखरच काढलेलं होतं. होकार मी गृहीत धरला होता.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. तीस वर्षांपूर्वी भाऊजींची झाशीजवळच्या एका सरकारी कारखान्यात बदली झाली आणि दोघं तिथलेच होऊन गेले. दीड वर्षापूर्वी भाऊजी वारले. मुलगा परदेशात. एवढ्या लांब एकटीने राहण्यात काय अर्थ आहे, असं म्हणून मी आमची मागची खोली तिच्यासाठी रंगवून घेतली, पिस्ता रंग दिला, नवा पलंग केला. आता फक्त तिला आणायचं बाकी होतं.

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. कोहरा (दाट धुकं) पडला म्हणून सकाळी पोचणारी गाडी दुपारी पोचली. मधले सहा तास समोरच्या गृहस्थांनी मला न विचारता खिडकी लावून घेतली, न विचारता माझ्यासाठी चहा सांगितला आणि त्यात साखर घालायलाही सांगितली. मी बिनसाखरेचा पिते.

माझ्या पिशवीत एक वही होती. दोन वर्षांपूर्वी मी सजग जगण्याच्या एका शिबिराला गेले होते. तिथल्या बाईंनी सांगितलं होतं की आपण दिवसभर विचार न करता काय काय करतो, ते रोज संध्याकाळी एका ओळीत लिहायचं. मी नेमाने लिहायचे. दात कोणत्या हाताने घासले, टीव्ही कशाला लावला, असल्या नोंदींनी निम्मी वही भरली होती आणि मला तिचा थोडा गर्वही होता. त्या दिवशी मात्र मी त्या गृहस्थांबद्दलच लिहिलं.

स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला स्वच्छ शब्दांत मानिक चौक सांगितलं. छावणीचे शांत रस्ते गेले, वर्दळ लागली, आणि रिक्षा थांबली ती थेट किल्ल्याच्या दारात. साठीची बाई, दोन्ही हातांत पिशव्या, एकीत लाडवांचे डबे. ही किल्ला चढायला आली असेल असं याला वाटलंच कसं?

“भैया, मैंने क़िला बोला क्या?” मी विचारलं.

“बोला तो नहीं, अम्माजी,” तो शांतपणे म्हणाला. “पर मराठी लोग पहले यहीं आते हैं. पूछना क्या उसमें?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मानिक चौकापर्यंत मी त्याला माणसाला आधी विचारावं का आणि कसं, यावर माझ्या मोडक्या हिंदीत व्याख्यान दिलं. तो मान डोलवत राहिला आणि शेवटी मला चुकीच्या गल्लीच्या तोंडाशी सोडून गेला.

योग्य गल्ली भाजीवालीने दाखवली. “जिज्जी के यहाँ ना?” म्हणत ती स्वतः दारापर्यंत आली. जिज्जी म्हणजे थोरली बहीण. रात्रीपर्यंत ताईला जिज्जी म्हणणारी सात माणसं मी मोजली आणि मला उगाचच राग आला. बहीण माझी, आणि हे कोण? त्यात घर गारठलेलं, अंघोळीचं पाणी बादलीत रॉड सोडून तापवायचं, गच्चीवर माकडं. इथे राहतं तरी कोण, असं मी तीनदा बोलून दाखवलं. ताई मटार सोलत हसली. जेवायला त्याच मटारांची उसळ, भाकरीऐवजी पोळ्या, आणि नंतर गजक (तिळगुळाची कुरकुरीत वडी). गजक फार छान होती, हे मी बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई मला बसने बरुआसागरला घेऊन गेली. तिला तिथलं ताजं आलं हवं होतं. मला वाटलं, बरं झालं, तळ्याकाठी निवांत बोलता येईल. आल्याचे ढीग रस्त्याकडेला लागले होते, जुन्या किल्ल्याखाली तळं पसरलं होतं आणि उन्हाला नुकती ऊब आली होती. काठावर बसून मी खोलीचं वर्णन केलं, पलंगाचं केलं, जवळच्या दवाखान्याचं केलं. परवाच्या गाडीत दोन्ही खालच्या बर्थ आहेत, हेही सांगितलं.

ताईने अमरूद (पेरू) चिरला, अर्धा मला दिला. “दुपारी मालूकाकूंकडे हळदीकुंकू आहे,” ती म्हणाली. “तू चल.”

हे काय उत्तर झालं? परतीच्या बसमध्ये मी तिच्याशी बोलले नाही.

मालूकाकूंचे पूर्वज सव्वादोनशे वर्षांपूर्वी पौरोहित्यासाठी कोकणातून इथे आले. काकू ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या मराठीत हिंदी सहज मिसळते, पण घरातले जुने शब्द त्यांनी सांभाळून ठेवलेत. माजघरात वीसेक बायका सतरंजीवर बसल्या होत्या. काकू पंचपाळं (हळदीकुंकवाचं वाट्यांचं पात्र) घेऊन उठल्या आणि पहिल्यांदा ताईसमोर आल्या. त्यांचं बोट कुंकवात बुडलेलं मी पाहिलं आणि माझा हात आपोआप मधे गेला.

“अहो, तिला नको. तिचे यजमान गेले,” मी म्हणाले.

ताईचा अपमान टळावा म्हणून मी बोलले होते. पण काकूंनी माझा हात हलकेच बाजूला केला.

“मालूम आहे बेटा. त्याला खांदा माझ्याच मुलांनी दिला,” त्या म्हणाल्या. “इथे आपण मराठी बायका मोजून एकवीस. त्यात सातजणी माझ्यासारख्या, तिच्यासारख्या. त्यांना घरी बसवलं तर फिर हळदीकुंकू लावायचं कोणाला?”

त्यांनी ताईला कुंकू लावलं, मग मला लावलं, आणि पुढे गेल्या. सुधारणा वगैरे काही नाही. कोणी भाषण केलं नव्हतं, शिबिर घेतलं नव्हतं. बायका कमी पडल्या आणि कोणीतरी विचारलं, मग सोडायचं कशाला? तेव्हापासून सगळ्या येतात, एवढंच. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी चिडते, म्हणून वाणात मिळालेल्या चमच्यावरही चिडले.

घरी येताना मानिक चौकाच्या गर्दीत ताई थांबली. “मी पुण्याला आले, तर तुझ्या हळदीकुंकवाला मी कुठे बसू?” तिने विचारलं.

मी म्हणाले, हा काय प्रश्न झाला, घर तुझंच आहे.

“गेल्या जानेवारीत मी तुझ्याकडेच होते. त्या दुपारी तू मला तुझ्या नवऱ्याबरोबर फुलांच्या प्रदर्शनाला पाठवलंस. तीन तास गुलाब बघितले मी.” मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, “गुलाब चांगले होते.”

मी खरंच विसरले होते. तिला त्रास नको म्हणून पाठवलं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. मुळात विचारच केला नव्हता. वही उघडून पाहिली असती तर त्या दिवशीची नोंद बहुधा चहातल्या साखरेची निघाली असती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

ताई आली नाही. परतीच्या गाडीत तिच्या बर्थवर एका बाईंनी मला न विचारता बॅगा ठेवल्या आणि पहिल्यांदाच मी कोणाला व्याख्यान दिलं नाही. ताईने दिलेल्या आल्याचा वास डबाभर पसरला होता. माझ्या मनात मात्र एकच गोष्ट होती. त्या रिक्षावाल्याने मला फक्त किल्ल्यापर्यंत नेलं होतं. मी तर बहिणीचं अख्खं म्हातारपण तिला न विचारता उचलून आणायला निघाले होते.

रथसप्तमीला माझं हळदीकुंकू असतं. सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी जातो तो ‘सर्व सुवासिनींना’चा मेसेज मी बदलला आणि ‘सगळ्याजणींना’ लिहिलं. पाच मिनिटांत शेजारीण दारात. सगळ्या म्हणजे कोण कोण? मी म्हणाले, सगळ्या म्हणजे सगळ्या, यात न कळण्यासारखं काय आहे? दोघीतिघींनी त्या दिवशी नेमकी दुसरी कामं काढली. ज्यांच्यासाठी मेसेज बदलला होता, त्यांच्यापैकी एकच आली, तळमजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका. चपला न काढता दाराबाहेर उभ्या राहून त्यांनी विचारलं, मेसेज चुकून तर आला नाही ना? मी त्यांना आत घेतलं आणि कुंकू लावलं.

संध्याकाळी ताईला फोन केला.

“किती आल्या?” तिने विचारलं.

“एक.”

ती म्हणाली, “त्या खोलीला रंग कोणता दिलायस म्हणालीस?”

“पिस्ता.”

“मला पिस्ता आवडत नाही.”

दहा लिटर रंग, आठ दिवस रंगारी, घरभर धूळ, हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

“मग कोणता देऊ?” मी विचारलं, आणि ती सांगेपर्यंत गप्प बसले.