अर्धा फेरा

आमच्या स्टुडिओत ड्रम लावून देणाऱ्या माणसाला सगळे मामा म्हणत. कुणाचे मामा, ते कुणी विचारलं नाही. आयुष्यभर झांजांशेजारी बसून त्यांचा एक कान पार कामातून गेला होता, पण स्नेअर, म्हणजे ड्रमरच्या पुढ्यातला तो चपटा ड्रम, लावावा तो त्यांनीच. त्याच्या खालच्या कातड्याला ज्या बारीक तारा चिकटून असतात, त्यांचा ताण ते बोट टेकवून जोखत. सगळे स्क्रू मनासारखे झाले की ‘बसला’ म्हणून चहाला निघून जात.

मी ड्रमर. मला स्नेअरचं वेड. पितळी, लाकडी, जाड, उथळ, सगळे घरात. बायको म्हणते, आपल्याकडे माणसं दोन आणि डबे नऊ. पितळेचा आवाज कसा कडक आणि लाकडाचा कसा गोल, यावर मी कुणाचंही डोकं खाऊ शकतो.

त्या दिवशी मामांनी माझा पितळी स्नेअर लावला आणि ते चहाला गेले. मला आवाज आणखी कडक हवा होता. शहाणपणा नडला. किल्ली घेऊन मी खालचा एक स्क्रू अर्धा फेरा पिळला. रेकॉर्डिंग सुरू झालं आणि बेस गिटार वाजली की तारा आपोआप कुरकुरायला लागल्या. तीन टेक वाया गेले. स्टुडिओच्या मालकीणबाईंनी काचेपलीकडून विचारलं, हा लावला कुणी?

"मामांनी," मी म्हणालो. "त्यांचा कान आता..." आणि पुढचं बोटानेच कानाकडे दाखवलं.

मामा दारात उभे होते. ते आले, खाली वाकले, बोट फिरवत नेमके त्याच स्क्रूवर थांबले. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि स्क्रू सैल केला. कुरकुर गेली. सगळ्यांना वाटलं, त्यांनी आपलीच चूक निस्तरली. सोमवारपासून बाईंनी त्यांना वायरी गुंडाळायला बसवलं.

आठवडाभर मला धड जेवण जाईना. शेवटी सामानाच्या खोलीत मामांकडे गेलो आणि सांगून टाकलं की स्क्रू मी पिळला होता.

"माहीत आहे रे," मामा वायर गुंडाळत म्हणाले. "बोटाला कळलं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. बाईंना सांगितलंस?"

बाई पलीकडेच होत्या, दार उघडं होतं. दहा पावलं. आजचं काम उरकलं की सांगतो, असं मी म्हणालो. मामांनी नुसतं ‘बरं’ म्हटलं.

याला चार महिने झाले. आता स्नेअर मीच लावतो. लाज वाटते, रोज वाटते, आणि रोज तशीच गिळतो. परवा बाई म्हणाल्या, "तू लावायला लागल्यापासून कुरकुर नाही बघ." मामा तिथेच वायर सोडवत बसले होते.

मी थँक्यू म्हणालो.