मलपृष्ठावरचे एक वाक्य

डुलुथ शहरातल्या लाइल ओव्हरगार्डने आयुष्यात तीन कादंबऱ्या लिहिल्या आणि इतरांच्या शंभरेक कादंबऱ्यांची स्तुती केली. त्याचे नाव झाले ते दुसऱ्या कामामुळे. अमेरिकेत कादंबरी निघायची तर मलपृष्ठावर दुसऱ्या लेखकाचे कौतुकाचे वाक्य लागते, आणि लाइल ते मागितल्या दिवशीच देई. पुस्तक वाचत बसण्याची ढिलाई त्याच्याकडे नव्हती.

त्याच्या तिन्ही कादंबऱ्या जवळच्या सुपीरियर सरोवरावरच्या मच्छीमारांच्या. स्वतः तो बोटीत एकदाच बसला, तेव्हा त्याला ओकाऱ्या झाल्या. समीक्षकांनी मात्र ‘अस्सल अनुभव’ असे लिहिले. बहुधा तेही कधी बोटीत बसले नसावेत. त्या जोरावर तो कॉलेजात कथालेखन शिकवू लागला. वर्गात नियम एकच: ज्याच्या कथेवर चर्चा चालू आहे, त्याने तोंड उघडायचे नाही. कॉरिन टॅडिच दोन वर्षे तशी गप्प बसली. पुढे तिची पहिलीच कादंबरी गाजली आणि लाइल ‘कॉरिनचा शिक्षक’ झाला.

नऊ वर्षे खपून त्याने चौथी कादंबरी लिहिली. न्यूयॉर्कहून संपादिका ग्वेनचा फोन आला.

“लाइल, सुंदर उतरलंय रे. विक्रीवाल्यांना फक्त एक मोठं नाव हवंय. कॉरिनने लिहिलं तर वसंतात काढू.”

“आणि नाही लिहिलं तर?”

“सुंदर तर आहेच.”

लाइलने कॉरिनला हस्तलिखित पाठवले. बायको मारिट म्हणाली, “आणि तिने खरंच वाचलं तर?”

“काहीतरीच! कामात बुडालेली बाई आहे ती.”

आठवड्याने ग्वेनने फोनवर वाक्य वाचून दाखवले: “‘गोठलेल्या सरोवरासारखी शांत, आणि तितकीच खोल.’ मासेमारीवरच्या पुस्तकाला काय चपखल बसलंय!”

लाइलने ते लगेच ओळखले. हे वाक्य त्याचेच होते. कॉरिनच्या पहिल्या कादंबरीवर त्यानेच ते लिहिले होते. ती कादंबरी नेवाडाच्या वाळवंटातल्या मेंढपाळांची होती आणि तिच्यात पाण्याचा थेंब नव्हता, हे त्याला छापून आल्यावर कळले होते.

त्याने कॉरिनला फोन लावला. “वाचलीस का गं?”

“तुम्ही माझी वाचली होतीत ना, तितकीच,” ती गोड आवाजात म्हणाली. “नको असेल तर ग्वेनला सांगा, लाइल. मी काढून घेते.”

आता त्याच्या कथेवर चर्चा चालू होती. त्याने वर्गाचा नियम पाळला.

कादंबरी वसंतात निघाली. मारिटने मलपृष्ठ वाचले आणि तिचे डोळे भरून आले. “शेवटी कुणीतरी तुला नीट वाचलं रे,” ती म्हणाली.

लाइलने मान डोलावली. वाक्य चांगले होतेच. फक्त योग्य पुस्तकापर्यंत पोहोचायला त्याला जरा उशीर झाला होता.