दसऱ्याला बंद केलेलं मशीन

बडनेऱ्याहून सकाळी गाडी पकडायची, अकोल्याला उतरायचं, संध्याकाळी पुन्हा उलट्या दिशेनं तेच. देवानंद खेरडे बावीस वर्षं हे करत आले आहेत. अप-डाऊन करणाऱ्या माणसांची एक वेगळीच तऱ्हा असते. बसायला जागा मिळाली की त्यांचे डोळे आपोआप मिटतात आणि उतरायचं स्टेशन आलं की कोणी न उठवता उघडतात. खेरडे त्या विद्येत पारंगत. गाडीत त्यांना कधी कोणी जागं पाहिलेलं नाही, आणि कॉलेजात कधी कोणी बसलेलं पाहिलेलं नाही.

अकोल्यातल्या एका शेतकी कॉलेजात ते तांत्रिक सहायक आहेत. लागले तेव्हा काम एवढंच होतं की प्रोजेक्टर लावायचा आणि प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढायचा. मग संगणक वाढले, मग संगणकांवर लिनक्स नावाची प्रणाली आली. ती खेरडे शिकले, कारण दुसरं कोणी शिकायला तयार नव्हतं. आपल्याकडे काम येणाऱ्या माणसाला बक्षीस म्हणून आणखी काम देतात. खेरड्यांना अशी बक्षिसं इतकी मिळाली की पन्नाशी ओलांडताना त्यांचे खांदे एका बाजूला कललेच.

गेल्या दिवाळीनंतर विभागात एक मोठं मशीन आलं. त्यात वीटभर जाड ग्राफिक्स कार्ड. मुळात ही कार्डं पडद्यावर चित्रं दाखवायला असतात, पण आता त्यांच्याकडून लाखो आकड्यांची गणितं एका दमात करून घेतात. मोर्शीची आकांक्षा संशोधनासाठी त्यावर संत्र्याच्या पानांचे फोटो चढवायची आणि कोणतं पान कोणत्या रोगाचं हे मशीनला शिकवायची. कार्डावर जे काम सहा तासांत व्हायचं, त्याला साध्या प्रोसेसरवर आठवडा उलटून जायचा.

मशीनची सगळी मांडणी खेरड्यांनी केली. प्रणाली घातली, ड्रायव्हर घातला, म्हणजे कार्डाशी बोलणारा तो दुभाषी. नवीन सुधारणा आपोआप उतरत राहतील अशी सोय केली. मग जाड पुठ्ठ्यावर स्वतःच्या अक्षरात लिहून पाटी चिकटवली: ‘हे मशीन कोणीही बंद करू नये. दे. खेरडे.’ आणि खरंच, अकरा महिने ते मशीन एकदाही बंद झालं नाही.

बंद झालं ते दसऱ्याला. खेरडे मूळचे भातकुलीकडचे. त्यांचे वडील वखर, तिफण, विळे धुऊन ओळीनं मांडायचे आणि पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. वर्षभर राबणाऱ्या हत्याराला एक दिवस तरी निजू द्यावं, असं त्यांचं म्हणणं. खेरड्यांनाही ते मनापासून पटलेलं. माणसांना नाही तर नाही, यंत्राला तरी सुटी मिळावी. कॉलेजला दसऱ्याची सुटी, म्हणून पूजा आदल्या दिवशी झाली. खेरड्यांनी आपलीच पाटी बाजूला सारून मशीन रीतसर बंद केलं.

फुलं जमुनाबाईंनी आणली होती. त्या सात वर्षं ठेकेदाराकडून विभागात झाडू-पोछ्याला येतात. घरी दोन एकरात भाजी आणि झेंडू. त्या दिवशी पहाटे तोडलेली पाटीभर फुलं त्या डोक्यावर घेऊन आल्या, एक पैसाही न मागता. हार त्यांनीच केले. हळद-कुंकू लावलं आणि आंब्याच्या पानानं मशीनवर पाणी शिंपडलं. चार-सहा थेंब वरच्या जाळीवर पडले. खेरड्यांनी ते पाहिलं. मशीन बंद आहे, थेंबच तर आहेत, म्हणून ते काही बोलले नाहीत.

दसऱ्यानंतर शुक्रवारी मशीन चालू केलं. पडद्याची जोडणी वेगळी होती, तो नीट उजळला, पण कार्ड मुकं. ड्रायव्हर म्हणे, कार्डाशी संपर्क होत नाही. आकांक्षाचं काम प्रोसेसरवर रांगायला लागलं. तिच्या मार्गदर्शकांना महिनाअखेर निकाल दाखवायचे होते. तिनं बोटांवर दिवस मोजले आणि तिचा चेहराच उतरला.

विभागप्रमुख शेखर सर आले. जाळीवर कुंकवाचा वाळलेला ओघळ होता. तो पाहून त्यांचा निकाल दोन मिनिटांत लागला. पाणी कोणी शिंपडलं, त्यांनी विचारलं. कोणी नाव घेतलं नाही, पण सगळ्यांच्या माना जमुनाबाईंकडे वळल्या. खेरडे मूग गिळून बसले. पाणी आत गेलंच नसेल, अशी त्यांचीही खात्री नव्हती, हे खरं. पण त्या क्षणी गप्प बसणं सोयीचं होतं, हेही तितकंच खरं. मशीन त्यांच्या ताब्यातलं, पूजेची कल्पना त्यांची, आणि सगळे दुसरीकडे पाहत होते.

सरांनी ठेकेदाराला फोन केला. पुढच्या पहिल्या तारखेपासून ही बाई नको. खेरड्यांना सांगितलं की पुढच्या शुक्रवारपर्यंत लेखी अहवाल द्या: पूजेच्या वेळी पाणी जाऊन कार्ड निकामी झाले. शेखर सर दुष्ट नव्हेत. त्यांना फक्त कागद पूर्ण लागतो, आणि कागदावर एक नाव लागतं.

सोमवारपासून खेरडे भिडले. पेटी उघडली, कार्ड काढलं, भिंग लावून पाहिलं. ओलीचा डाग कुठे नाही. परत बसवलं. आत काय काय जोडलंय याची यादी मशीनला विचारली, तर तीत कार्डाचं नाव ठळक होतं. म्हणजे पोरगं हजेरीपटावर होतं, फक्त हाक मारली की ओ देत नव्हतं. इथे त्यांना हायसं वाटायला हवं होतं, पण त्यांना फक्त पुढचं काम दिसलं.

ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला. मशीन पुन्हा चालू. तेच. जुन्या आवृत्तीचा घातला. तेच. सगळ्यात नवा घातला. तेच. इंटरनेटवर जगभरच्या लोकांनी सल्ले लिहून ठेवले होते, पण प्रत्येकाचा आजार वेगळा आणि औषध तिसरंच. एकाचं ऐकून केलं तर होता तो पडदाही गेला, तो परत आणण्यात मंगळवार संपला. ड्रायव्हर घालताना दर वेळी पडद्यावर शेकडो ओळी सरसर वर जायच्या आणि खाली शेवटची ओळ यायची, झालं म्हणून. खेरडे ती शेवटची ओळ वाचायचे. बावीस वर्षांत त्यांनी हीच सवय लावून घेतली होती. सगळं वाचत बसलं तर पाच वाजता गाडी कशी मिळायची? बुधवारी गाडीत डोळे मिटताना त्यांनी ठरवलंच, शुक्रवारी सही करून टाकायची. हात टेकले होते.

गुरुवारी दुपारी जमुनाबाई पोछा मारायला आल्या. सगळी खोली पुसली, पण मशीनच्या टेबलाशी आल्या आणि हातभर लांबूनच वळल्या. खेरड्यांच्या ध्यानात आलं की आठवडाभर त्या तसंच करत होत्या. टेबलाखाली धुळीचा पट्टा साचला होता.

“भाऊ, ते मशीन मेलंच काय जी?”

“पाहून राहिलो न,” खेरडे म्हणाले.

“दोन-चार थेंबच तं होते. पण माह्याच हातानं गेलं.” त्यांनी बादलीत पाहिलं. “तवापासून घरच्या देवालेई पाणी नाई घातलं मी. हातच नाई होत.”

 नोकरी जाण्याबद्दल ती बाई बोलली असती तर खेरड्यांनी काहीतरी समजूत घातली असती. जमुनाबाई बादली उचलून बाहेर गेल्या, आणि खेरड्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली.

त्यांनी चष्मा पुसला. ड्रायव्हर चौथ्यांदा घातला, पण या वेळी सरसर जाणाऱ्या सगळ्या ओळी एका फाइलीत उतरवून घेतल्या. मग ती फाइल सात-बाराचा उतारा वाचावा तशी पहिल्या ओळीपासून, एकेका ओळीवर बोट ठेवत वाचली. चौथं पान संपता संपता ती ओळ सापडली. चालू कर्नलच्या हेडर फाइली नाहीत, म्हणून त्याच्यासाठी ड्रायव्हर बनवणं वगळलं आहे. एवढं सांगून पुढे सगळं सुरळीत, आणि शेवटी, झालं.

कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा. ड्रायव्हर प्रत्येक कर्नलच्या मापानं शिवावा लागतो, आणि ते माप हेडर नावाच्या फाइलींत असतं. माप नसेल तर शिंपी काय शिवणार? खेरड्यांनी जुन्या नोंदी काढल्या. जानेवारीत नवा कर्नल आपोआप उतरला होता. मग एप्रिलमध्ये, जूनमध्ये, ऑगस्टमध्ये. पण नवा कर्नल लागू होतो तो मशीन बंद करून चालू केल्यावरच. अकरा महिने बंदच केलं नाही, म्हणून जुनाच चालत राहिला आणि कोणाला पत्ता लागला नाही. दसऱ्याला बंद केलं, नंतर चालू केलं, आणि नवा कर्नल उठून बसला. त्याच्या मापाचा ड्रायव्हर मशीनमध्ये कधी शिवलाच गेला नव्हता. पाण्याचा एक थेंब पडला नसता तरी हेच झालं असतं.

आपोआप सुधारणांची सोय खेरड्यांनी केलेली. हेडर घालताना त्यांनी त्या दिवशीच्या एकाच कर्नलची घातली होती, पुढच्यांची तजवीज केली नव्हती. बंद करू नये ही पाटी त्यांची, आणि बंद करणारा हातही त्यांचाच.

हेडर घातली. ड्रायव्हर नव्यानं बनवला. पाच मिनिटंही लागली नाहीत. मशीन पुन्हा चालू केलं, तर कार्डानं ओ दिली. नाव सांगितलं, तापमान सांगितलं, सगळी स्मृती मोकळी आहे म्हणालं. आकांक्षानं काम लावलं आणि आकडे धावायला लागले. ती काहीतरी बोलत होती, हसतही होती. खेरड्यांना आनंद झाला नाही. चार दिवसांचा शीण तेवढा एकदम पायांत उतरला आणि ते खुर्चीवर बसले.

शेखर सर बातमी ऐकून आले. त्यांनी आकडे पाहिले, जाळीवरचा डाग पाहिला आणि म्हणाले, “वाळलं म्हणायचं एकदाचं. बरं झालं. आता पूजाबिजा बंद, खेरडे.”

ठेकेदाराला सांगितलंय ते तसंच राहू द्या, असंही ते जाता जाता म्हणाले. पुढे कोणी असं करणार नाही.

वाळलं. किती सोपं होतं ते. मान हलवली की झालं. सर खूश, आकांक्षा खूश, आणि पाचची गाडी मिळत होती. खेरड्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग टेबलाचा खण उघडून कोरा कागद काढला.

अहवाल त्यांनी हातानं, दोन प्रतींत लिहिला. अर्धं पान भरलं. ते घेऊन सरांच्या खोलीत गेले, समोर ठेवला आणि उभे राहिले. सरांनी वाचला. असं लिहायची काही गरज नव्हती, ते म्हणाले. तुमच्या सेवापुस्तकात जाईल हे. खेरडे म्हणाले, जाऊ द्या. आणि ठेकेदाराला माझ्यासमोर फोन करा. सरांनी नाराजीनं का होईना, फोन केला. पलीकडचा माणूस आधी कुरकुरला, मग बरं म्हणाला.

जमुनाबाई व्हरांड्यात पोछा पिळत होत्या. खेरड्यांनी सांगितलं की मशीन सुरू झालं, पाण्यानं काही झालं नव्हतं, आणि तुम्ही पहिल्या तारखेनंतरही यायचं.

“मंग कायनं झालं होतं?”

“माह्या चुकीनं.”

त्यांनी पिळलेला पोछा बादलीच्या काठावर ठेवला. “तुमाले त्या दिवशीच मालूम होतं काय, भाऊ?”

“नाई. पण तुमच्यानं झालं नाई, असंई मी बोललो नाई.”

त्यांनी ठीक आहे म्हटलं नाही. खेरड्यांनी ती अपेक्षाही केली नव्हती. जमुनाबाईंनी हात पदराला पुसले.

“सायबाले लिहून देलं न तुमी? ते वाचून दाखवा.”

खेरड्यांनी खिशातली प्रत काढली. तुम्हीच वाचा म्हणून पुढे केली, तर त्यांनी घेतली नाही. “वाचता येते मले. तुमच्या तोंडून आयकाचं हाये.”

मग खेरड्यांनी व्हरांड्यात उभं राहून वाचलं. कार्ड निकामी झालेले नाही. आपोआप आलेल्या नव्या कर्नलसाठी लागणाऱ्या फाइली मी घातल्या नव्हत्या. मशीन अकरा महिने बंद करून पाहिले नाही, ही चूक माझी. पूजेच्या पाण्याचा या बिघाडाशी संबंध नाही. जमुनाबाईंचा यात कोणताही दोष नाही. खाली सही.

आतून आकांक्षाचं मशीन घुमत होतं. पाचची गाडी आता मिळणार नव्हती. जमुनाबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. 

“अजून एक खेप वाचा,” त्या म्हणाल्या.

खेरड्यांनी चष्मा नीट केला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतलं.